नैसर्गिक वायूवरची विकेंद्रित वीज-उष्णता प्रणाली : हिशेब नक्की कुठे जुळतो?

उंबरठा (धागाकर्ता)

एका मोठ्या रुग्णालयाच्या इमारत समितीवर मी काम करतो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे यंत्रांविषयीचे माझे ज्ञान वाचून मिळवलेले आहे, हे आधीच सांगतो. आमच्यासमोर नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या २ मेगावॅटच्या इंजिन-जनित्राचा व्यवहार्यता अहवाल आला आहे. वीज जागेवरच तयार करायची, इंजिनाच्या उष्णतेतून गरम पाणी आणि निर्जंतुकीकरणाची वाफ मिळवायची आणि उरलेल्या उष्णतेवर ॲब्सॉर्प्शन चिलर चालवून वातानुकूलन करायचे, अशी ही योजना आहे. अहवालानुसार एकूण कार्यक्षमता ८५ टक्के असून, यंत्र वर्षाला ८,००० तास चालेल आणि गुंतवणूक ४ वर्षांत वसूल होईल.

तिन्ही आकडे इतके गोंडस आहेत की मला ते जरा खटकले. ८५ टक्के हा आकडा कोणत्या परिस्थितीत खरा असतो, उष्णतेची किंमत कशी धरावी आणि अशा अहवालात काय तपासावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती. अहवाल तयार करणाऱ्यांचे नाव मी येथे देणार नाही, कारण चर्चा पद्धतीवर व्हावी अशी माझी इच्छा आहे.

गतिचक्र

८५ टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो कारखान्यातल्या चाचणी-मंचावरचा आहे. वायूच्या रूपाने इंजिनात १०० भाग ऊर्जा गेली, तर या आकाराच्या चांगल्या इंजिनातून सुमारे ४२ भाग वीज आणि ४३ भाग घेता येण्याजोगी उष्णता मिळते, आणि १५ भाग धुराड्यातून व यंत्राच्या पृष्ठभागावरून निघून जातात. उष्णता ‘घेता येण्याजोगी’ असणे आणि ती कोणीतरी प्रत्यक्ष घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालाने पहिली मोजली आहे. तुमचे वायूचे बिल मात्र दुसरीवर ठरणार आहे.

पूर्ण ४३ भाग उष्णता कामी आली, तर ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमध्ये जाळावे लागणारे जवळजवळ ४८ भाग इंधन वाचते. म्हणजे ४२ भाग विजेच्या खात्यावर फक्त ५२ भाग इंधन पडले, आणि वीजनिर्मितीची परिणामी कार्यक्षमता ८० टक्क्यांवर गेली. निम्मीच उष्णता कामी आली, तर विजेच्या खात्यावर ७६ भाग इंधन पडते आणि कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर येते. उष्णता अजिबात वापरली नाही, तर उरतात ते मूळचे ४२ टक्के.

आता समोरच्या पारड्यात काय आहे ते पाहा. वायूवरची आधुनिक संयुक्त-चक्र वीजकेंद्रे (वायू टर्बाइनच्या धुरावर वाफेचे टर्बाइनही चालवणारी) ६० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने वीज करतात आणि वहनातली गळती वजा केली तरी ग्राहकाच्या दारात साधारण ५५ टक्के पोहोचतात. म्हणून निम्मी उष्णता वाया घालवणारे तुमचे इंजिन इंधनाच्या दृष्टीने दूरच्या मोठ्या केंद्राशी जेमतेम बरोबरी करते, आणि त्याखाली घसरले की इंधनाची बचत होण्याऐवजी नासाडी होते. त्यामुळे अहवालात मी सर्वांत आधी उष्णतेच्या मागणीचा तासागणिक आलेख शोधीन. तो असेल तर पुढे वाचण्यात अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट. ४३ भाग उष्णता एकाच प्रतीची नसते. साधारण निम्मी ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या धुरातून येते आणि उरलेली मुख्यतः इंजिनाच्या शीतन-पाण्यातून ९० अंशांच्या आसपास मिळते. निर्जंतुकीकरणाला १२१ ते १३४ अंशांची वाफ लागते, आणि ९० अंशांच्या पाण्यातून ती होत नाही. म्हणजे वाफेच्या कामाला फक्त धुरातली उष्णता येईल. पाण्यातल्या उष्णतेला गरम पाणी किंवा चिलर यांपैकीच गिऱ्हाईक शोधावे लागेल.

उंबरठा

अहवालात वर्षाच्या एकूण उष्णतेला ८,७६० तासांनी भागून आलेली सरासरी दिली आहे. तासागणिक आलेख नाही.

गतिचक्र

तर मग अहवाल अजून सुरूच झालेला नाही, असे समजा.

हिशेबनीस

गतिचक्र यांनी इंधनाचा हिशेब मांडला, मी पैशाचा मांडतो. कोणत्याही देशाचे चलन न घेता, वायूच्या बिलातल्या एका किलोवॅट-तास ऊर्जेची किंमत १ धरू आणि बाकी सगळे त्याच मापात मोजू. हे माप घेतले की दरांचे चढउतार बाजूला राहतात आणि खरा प्रश्न उघडा पडतो, तो म्हणजे वीज वायूच्या किती पट महाग आहे.

त्याआधी एक सापळा सांगतो, ज्यात शहाणीसुरती माणसेही पडतात. इंजिनाची कार्यक्षमता वायूच्या निम्न उष्मांकावर सांगण्याची रीत आहे, तर वायूचे बिल बहुतेक ठिकाणी उच्च उष्मांकावर येते. ज्वलनातून तयार झालेल्या पाण्याच्या वाफेतली सुप्त उष्णता धरायची की नाही, एवढाच या दोहोंतला फरक आहे, पण नैसर्गिक वायूच्या बाबतीत तो सुमारे ११ टक्क्यांचा पडतो. माहितीपत्रकातले ४२ टक्के बिलाच्या भाषेत ३८ टक्क्यांच्या आसपास येतात. अहवालात कार्यक्षमता एका मापाने आणि वायूचा दर दुसऱ्या मापाने घेतला असेल, तर सगळी बचत ११ टक्के इंधनाने फुगलेली असते. हे मी दोन वेगवेगळ्या प्रकल्पांच्या कागदांत पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा ‘अनवधान’ विक्रेत्याच्याच फायद्याचे होते.

बिलाच्या मापाने एक युनिट विजेला २.६४ युनिट वायू लागतो. सगळी उष्णता कामी आली, तर बॉयलरचा १.२६ युनिट वायू वाचून निव्वळ खर्च १.३८ राहतो, निम्मी आली, तर २.०१, काहीच आली नाही, तर २.६४. देखभालीला प्रत्येक युनिटमागे ०.४ धरू आणि उभारणीला दर किलोवॅटमागे ५०,०००. हे दोन्ही आकडे माझे गृहीतक आहेत, तुम्ही आपले घाला. यंत्र वर्षाला ६,००० तास चालते असे माना.

वीज वायूच्या ३ पट महाग असेल आणि सगळी उष्णता कामी येत असेल, तर दर युनिटमागे १.२२ वाचतात आणि पैसे परत यायला ७ वर्षांच्या थोडे आत लागतात. उष्णता निम्मी वापरली, तर ०.५९ वाचतात आणि काळ १४ वर्षांवर जातो. उष्णता वापरलीच नाही, तर दर युनिटमागे पदरचे थोडे जातात, आणि यंत्र बंद ठेवणे हाच स्वस्तातला मार्ग उरतो. वीज ४ पट महाग असेल, तर पूर्ण उष्णतेवर पावणेचार वर्षे आणि निम्म्या उष्णतेवर सव्वापाच वर्षे लागतात. वीज दुप्पटच महाग असेल, तर पूर्ण उष्णता वापरूनही ३८ वर्षे लागतील, म्हणजे यंत्र आधी संपेल.

तुमच्या अहवालातली ४ वर्षे कोणत्या गुणोत्तरावर आणि किती टक्के उष्णतेच्या वापरावर आली आहेत, हे दोन आकडे मागा. तिसरा आकडा तासांचा आहे. ८,००० तास म्हणजे वर्षातले ९१ टक्के, आणि ते सगळे पूर्ण भाराने. रात्री वीज स्वस्त होणारी दरपद्धती तुमच्याकडे असेल, तर रात्रीचे तास हिशेबातून गळतात आणि वर्षाचे तास बरेच कमी उरतात.

पारा

वातानुकूलनाचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही. व्यवहार्यतेचा सगळ्यात मोठा भ्रम मला तिथेच दिसतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘वाया जाणाऱ्या उष्णतेतून फुकट थंडावा’ हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. ९० अंशांच्या पाण्यावर चालणारा एकेरी-प्रभावाचा (उष्णता एकदाच वापरणारा) लिथियम ब्रोमाइड ॲब्सॉर्प्शन चिलर १ भाग उष्णता घेऊन सुमारे ०.७ भाग थंडावा देतो. तेवढाच थंडावा चांगला विजेवरचा चिलर ०.१४ भाग विजेत देतो, कारण तो एका भाग विजेत ५ भाग थंडावा काढतो. आता हिशेबनीस यांच्या मापात बसवा. एक युनिट विजेबरोबर १.०२ युनिट उष्णता मिळते. ती गरम पाण्याला लावली, तर १.२६ वायू वाचतो. तीच सगळी चिलरला लावली, तर ०.१४ युनिट वीज वाचते, आणि ती वायूच्या ३ पट महाग धरली तरी किंमत होते ०.४३. म्हणजे थंडाव्याला लावलेल्या उष्णतेची किंमत गरम पाण्याला लावलेल्या उष्णतेच्या एक-तृतीयांश आहे. सगळी उष्णता चिलरला देणारे यंत्र, निम्मी उष्णता गरम पाण्याला देऊन उरलेली हवेत सोडणाऱ्या यंत्रापेक्षा तोट्यात असते! मी हे गणित पहिल्यांदा केले, तेव्हा चुकले असावे असे वाटून तीनदा तपासले होते.

शिवाय ॲब्सॉर्प्शन चिलरला १ भाग थंडाव्यामागे सुमारे २.४ भाग उष्णता शीतन-मनोऱ्यातून (कूलिंग टॉवर) बाहेर टाकावी लागते. विजेवरच्या चिलरला १.२ भाग. मनोरा दुप्पट, बाष्पीभवनाने जाणारे पाणीही जवळजवळ दुप्पट, आणि पंपांची वीज वेगळी. दुहेरी-प्रभावाचा (तीच उष्णता दोनदा वापरणारा) चिलर १ भाग उष्णतेत १.२ भाग थंडाव्याच्या पुढे जातो, पण त्याला धूर किंवा दाबाची वाफ लागते, आणि तुमच्याकडे ती वाफ निर्जंतुकीकरणाला हवी आहे.

न्यायाने बोलायचे तर चिलरची एक बाजू खरी आहे. उन्हाळ्याच्या दुपारी विजेची मागणी शिखरावर असताना तो विजेवरच्या चिलरचा भार उतरवतो. मागणी आकार (महिन्यातल्या सर्वाधिक वीजमागणीवर लागणारी रक्कम) मोठा असेल किंवा रोहित्र वाढवण्याचा खर्च टळत असेल, तर पारडे फिरू शकते. पण तो फायदा त्याच नावाने, वेगळ्या ओळीत दाखवला पाहिजे. ‘८५ टक्के’ या एका आकड्यात गरम पाणी आणि थंड पाणी एकाच भावाने मोजणे ही हातचलाखी आहे.

निळी ज्योत

सगळे जण युनिट आणि टक्के मोजत आहेत, पण येथे प्रश्न रुग्णालयाचा आहे, आणि वीज नसण्याची किंमत कोणत्याच तक्त्यात आलेली नाही. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा ब्राँक्समधल्या को-ऑप सिटी या प्रचंड वसाहतीचे दिवे तिच्या स्वतःच्या सहवीजनिर्मिती (वीज आणि उष्णता एकत्र करणाऱ्या) केंद्रामुळे चालू राहिले. २०११ च्या भूकंपानंतर तोक्योतल्या रोप्पोंगी हिल्स संकुलाच्या वायूवरच्या केंद्राने संकुलाला वीज पुरवलीच, शिवाय काही मेगावॅट बाहेरच्या वीज कंपनीला दिली. जमिनीखालची वायुवाहिनी वाऱ्याने पडत नाही, हे साधे सत्य विकेंद्रित प्रणालीच्या बाजूने जाते. यंत्राच्या परतफेडीच्या हिशेबात हा भरवसा शून्य किमतीला धरणे मला बरोबर वाटत नाही.

गतिचक्र

भरवशाला किंमत आहे, हे मान्य. पण तो आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळी रचना करावी लागते. बाहेरच्या वीज-जाळ्याला (ग्रिडला) समांतर चालणारे जनित्र, जाळे गेले की आधी स्वतःच सुटे होते, कारण बंद समजून ज्या तारेवर कोणी काम करत आहे तिच्यात वीज जाणे जिवावर बेतू शकते. जोडणीच्या ‘आयईईई १५४७’ या मानकात नकळत तयार झालेले ‘बेट’, म्हणजे जाळ्यापासून तुटूनही जनित्रावर चालू राहिलेला भाग, २ सेकंदांच्या आत तोडण्याची अट आहे. त्यानंतर रुग्णालयाला बेट म्हणून चालवायचे असेल, तर वेगळे स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणे), भार टप्प्याटप्प्याने सोडण्याची यंत्रणा आणि जाळ्यापासून स्वतंत्र असे गती-नियंत्रण लागते. विरळ मिश्रणावर (हवा जास्त, वायू कमी) चालणारे वायू इंजिन डिझेलसारखे एकदम मोठा भार उचलत नाही. मोठी मोटर अचानक सुरू झाली, तर वारंवारता कोसळून यंत्र बंद पडते. म्हणून आणीबाणीची डिझेल जनित्रे तशीच ठेवावी लागतात, आणि अहवालात त्यांचा खर्च ‘वाचला’ असे लिहिले असेल, तर ती ओळ खोडा.

वायुवाहिनीविषयीही एक सावधगिरी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याची थंडी पडली, तेव्हा वायूच्या विहिरी आणि उपकरणे गोठली, विजेवर चालणाऱ्या काही वायू सुविधांचीच वीज कापली गेली, आणि वायू कमी झाला म्हणून वीज आणखी कमी झाली. वादळात स्वतंत्र भासणाऱ्या या दोन व्यवस्था त्या थंडीत एकमेकींच्या पायात अडकल्या.

मध्यरात्र

मी अशा केंद्रात रात्रपाळी केली आहे, म्हणून जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो. जागा आणि मालक यांचा उल्लेख टाळतो.

इंजिनाच्या खोलीच्या छतावर एक मोठा रेडिएटर असतो. इंजिनाचे पाणी ठरावीक तापमानाला परत आलेच पाहिजे, नाहीतर यंत्र बंद होते. म्हणून इमारतीने उष्णता घेतली नाही, तर तीन-मार्गी झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे वळते आणि पंखे उष्णता हवेत सोडतात. आमच्याकडे रात्री साडेअकराच्या सुमारास पहिला पंखा सुरू व्हायचा, पाठोपाठ दुसरा, आणि पहाटे चारपर्यंत सहाच्या सहा फिरत असायचे. हिवाळ्यातही छतावर उभे राहिले की अंग भाजून निघे. पंखे किती वाजता सुरू झाले ते मी रोज नोंदवहीत लिहीत असे. ती वही कोणी मागितली नाही.

दर महिन्याला वरच्या कार्यालयात जाणाऱ्या तक्त्यात मात्र ८२ टक्के कार्यक्षमता दिसायची. कारण समजायला मला वर्ष लागले. उष्णतामापक इंजिनाच्या बाहेर पडणाऱ्या मुख्य नळावर बसवलेला होता, म्हणजे रेडिएटरकडे जाणारा फाटा त्याच्या पुढे होता. हवेत सोडलेली उष्णताही ‘उपयुक्त’ म्हणून मोजली जात होती.

दुसरी गोष्ट मागणी आकाराची. आमचे इंजिन महिनाभर निमूट चालले आणि २९ तारखेला भर दुपारी ठिणगी-प्लगच्या बिघाडाने अर्धा तास बंद पडले. त्या अर्ध्या तासात सगळा भार जाळ्यावर गेला आणि मागणी आकार पूर्ण महिन्याचा लागला. एका प्लगने महिनाभराची मागणी-बचत खाल्ली. विक्रेत्याच्या तक्त्यात मागणीतली बचत बाराही महिने पूर्ण धरलेली होती.

उंबरठा

मध्यरात्र, तुमच्या प्रतिसादातला मापकाचा मुद्दा मी समितीत जसाच्या तसा वाचून दाखवला. देखभालीत नक्की काय येते, तेही सांगाल का?

मध्यरात्र

हजार ते दोन हजार तासांनी तेल बदलणे, प्लग तपासणे, झडपांच्या फटी जुळवणे. वीस-तीस हजार तासांच्या दरम्यान सिलिंडर-शीर्षे उतरवावी लागतात आणि साठ हजार तासांच्या आसपास मोठी दुरुस्ती येते. ८,००० तासांच्या हिशेबाने ती मोठी दुरुस्ती आठव्या वर्षाच्या आत येईल. करारात ती धरली आहे का ते पाहा, कारण ‘सर्वसमावेशक’ म्हणवणारे करार पुष्कळदा तिच्या अलीकडे संपतात.

निळी ज्योत

इंजिनाऐवजी गॅस टर्बाइन घेतले तर? देखभाल कमी आणि उष्णता सगळी उच्च तापमानाची मिळते, असे वाचले आहे.

गतिचक्र

वाफेची मागणी मोठी आणि अखंड असेल, तर टर्बाइन योग्य. २ मेगावॅटच्या आसपास मात्र त्याची वीज-कार्यक्षमता इंजिनापेक्षा बरीच कमी पडते, वायू साधारण १५ ते २५ बार दाबाने लागतो म्हणून कॉम्प्रेसरची वीज जाते, आणि हवा तापली की क्षमता घटते. टर्बाइनची क्षमता १५ अंशांवर सांगतात. ४० अंशांच्या दुपारी तिच्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा गेलेला असतो, नेमका तेव्हाच वातानुकूलनाचा भार सर्वाधिक असतो. वायूपासून रासायनिक क्रियेने थेट वीज करणारे इंधनघट (फ्युएल सेल) कार्यक्षमतेत सरस आहेत, पण त्यांच्या घटांची रास काही वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च अजून जड आहे.

पारा

हवामानाचा हिशेबही जोडतो, कारण यंत्र १५-२० वर्षे राहणार आहे. वायूच्या एका किलोवॅट-तास ऊर्जेतून सुमारे ०.२० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ४२ टक्क्यांच्या इंजिनात एक युनिट विजेमागे ०.४८ किलो, आणि सगळी उष्णता कामी आली, तर बॉयलरची वजावट होऊन ०.२५ किलो. कोळशाची वीज ०.९ किलोच्या पुढे असते, त्यामुळे कोळशावरच्या जाळ्यासमोर हे यंत्र आज निर्विवाद चांगले ठरते. जाळ्यात वारा आणि सूर्य वाढत गेले, की तेच ०.२५ हळूहळू मागे पडते.

त्यात न जळालेला मिथेन मिळवा. विरळ मिश्रणाच्या इंजिनांतून इंधनाचा एखाद-दोन टक्का न जळता धुराड्याबाहेर जातो. २ टक्के धरले, तर शंभर वर्षांच्या मापाने एक युनिट विजेमागे आणखी ०.१ किलोच्या तोडीचा परिणाम होतो. वीस वर्षांच्या मापाने तो त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. निविदेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा सगळे घालतात, न जळालेल्या मिथेनची फार थोडे. तुम्ही घाला.

डेन्मार्कची वाट उद्बोधक आहे. तिथे १९९० च्या दशकात गावोगावी वायूवरची छोटी वीज-उष्णता केंद्रे उभी राहिली आणि बहुतेकांनी सोबत गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या. पुढे पवनऊर्जा वाढून विजेचे बाजारभाव उतरले, केंद्रांचे चालण्याचे तास घटत गेले आणि त्यांना मिळणारे आधार-अनुदान २०१८ च्या अखेरीस संपले. अनेकांनी त्याच टाक्यांना विद्युत बॉयलर आणि उष्णता-पंप जोडले. इंजिन अडगळीत गेले तरी टाकी उपयोगी राहिली, हे मला फार बोलके वाटते.

हिशेबनीस

वायूच्या दराचा धोकाही याच खात्यात धरा. युरोपातल्या टीटीएफ या वायूच्या घाऊक बाजारात ऑगस्ट २०२२ मध्ये वायू मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला होता, आणि त्याआधीच्या दशकातल्या नेहमीच्या भावाच्या तो दहापटीहून अधिक होता. विजेचे भावही चढले, पण ज्यांची वीज ठरलेल्या दराने आणि वायू बाजारभावाने येत होता, त्यांना यंत्र बंद ठेवणेच परवडले. एकाच गुणोत्तरावर काढलेली परतफेड म्हणजे एका दिवसाचे हवामान पाहून वर्षाची शेती ठरवणे आहे. २ ते ४ पर्यंतचे सगळे गुणोत्तर घालून तक्ता मागवा.

उरलेली वीज जाळ्याला विकू, असे कोणी म्हणाले तर सावध राहा. अमेरिकेत १९७८ च्या ‘पुर्पा’ कायद्याने वीज कंपन्यांना अशी वीज त्यांच्या टळलेल्या खर्चाच्या भावाने घेणे भाग पाडले, आणि तिथली सहवीजनिर्मिती त्यामुळेच वाढली. जिथे तशी हमी नाही, तिथे विकलेल्या विजेचा भाव घेतलेल्या विजेच्या कितीतरी खाली असतो, आणि उष्णतेशिवाय केलेले ते युनिट तोट्यातच जाते. यंत्राचा आकार जागेवर खपणाऱ्या विजेपेक्षा कधीही मोठा नसावा, आणि तुमच्या बाबतीत तो उष्णतेवरून ठरवावा, विजेवरून नव्हे.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत आलो आहे. बॉयलरच्या वायुमापकाची आणि गरम पाण्याच्या नळांची तासागणिक नोंद आमच्या तंत्रज्ञांकडे वर्षभराची पडून होती. अहवाल करणाऱ्यांनी ती मागितलीच नव्हती. सगळे ८,७६० तास उतरत्या क्रमाने लावले. उष्णतेची मागणी २ मेगावॅटच्या वर वर्षातून जेमतेम ४०० तास जाते. ८०० किलोवॅटच्या वर ती सुमारे ५,६०० तास असते, आणि मध्यरात्रीनंतर ४५० पर्यंत उतरते. अहवालातली सरासरी ९७० किलोवॅट होती, ती बरोबरच होती. फक्त त्या सरासरीवर २ मेगावॅटचे यंत्र कसे बसवले, ते कळत नाही.

आता आम्ही ८०० किलोवॅटचे इंजिन आणि १०० घनमीटरची गरम पाण्याची टाकी असा पर्याय तपासत आहोत. २० अंशांच्या फरकाने त्या टाकीत सुमारे २.३ मेगावॅट-तास उष्णता मावते, म्हणजे मध्यरात्रीनंतर उरणारी उष्णता सकाळच्या गरम पाण्याच्या गर्दीला पुरवता येईल. चिलर यादीतून काढला आहे. वीज आमच्याकडे वायूच्या ३.४ पट महाग पडते आणि लहान यंत्राचा दर किलोवॅटचा खर्च थोडा वाढतो. तो सगळा धरून परतफेड साडेसहा वर्षांच्या आसपास येते. समितीतले काही सदस्य ४ वर्षांचे साडेसहा झाले म्हणून नाराज आहेत. मी त्यांना सांगितले की आधीचे ४ कधी नव्हतेच.

एक अडचण उरली आहे. विक्रेता ८५ टक्क्यांची हमी चाचणी-मंचावर द्यायला तयार आहे, पण वर्षभर प्रत्यक्ष वापरलेल्या उष्णतेची हमी द्यायला तयार नाही. इमारत किती उष्णता घेईल ते आमच्या हातात नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

हिशेबनीस

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. मागणीचा धोका तुमचा, पण मागणी असताना उष्णता न पोहोचण्याचा धोका त्याचा. टाकीचे तापमान ठरलेल्या पातळीखाली आणि यंत्र चालू, असे जितके तास असतील, तितक्या तासांची हमी मागा. तेवढे त्याला नाकारता येणार नाही.

मध्यरात्र

आणि आराखडा मंजूर करण्यापूर्वी उष्णतामापकाच्या जागेवर तांबड्या पेनाने खूण करून सही घ्या. तो रेडिएटरच्या फाट्याच्या पुढे, इमारतीकडे जाणाऱ्या नळावर हवा. संवेदक ज्या खोबणीत बसतो तिच्यात उष्णतावाहक लेप भरला आहे का, तेही बसवण्याच्या दिवशी स्वतः उभे राहून पाहा; आमच्याकडे ती कोरडीच होती. जमल्यास रेडिएटरच्या पंख्यांना तासमापक लावा. तो स्वस्त असतो आणि त्यातून काही वजा करून दाखवता येत नाही.